पाळणे

मराठी माणूस कुत्रा पाळतो आणि नियमही पाळतो. क्रियापद एकच आहे. पहिल्या पाळण्यात भाकरीचा तुकडा, डोक्यावरून फिरणारा हात आणि थोडेसे स्वामित्व असते. दुसऱ्यात मान तुकवणे असते. सार्वजनिक जागेतील कुत्र्यांविषयीचे नियम ही या दोन पाळण्यांची गाठ घालून देणारी व्यवस्था होय. गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला, घरात परवाना. ज्याने कुत्रा पाळला त्याने नियम पाळावा, इतका हा हिशेब सोपा आहे. तो बिघडतो, ज्याला कोणीच पाळलेले नाही, परंतु ज्याच्या वाट्याची पोळी चार घरांतून रोज वेगळी निघते, अशा कुत्र्यापाशी. या प्राण्यास काय म्हणावे, हे नियमाला कधी नीटसे उमगलेले दिसत नाही.

मुंबईत हा पेच फार जुना आहे. १८१३ च्या नियमान्वये बेवारस कुत्री मारण्यास वर्षातून दोनदा मुभा असे: १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. १८३२ साली न्यायाधिकाऱ्यांनी उन्हाळ्यातील मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. या आज्ञेमागची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. पाश्चरची लस यावयास अद्याप ५३ वर्षे होती. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष अंगात भिनले, की माणूस पाण्याच्या दर्शनाने कासावीस होऊन मरे, आणि भोवतालच्यांना पाहत राहण्यापलीकडे काही करता येत नसे. रोगाची लक्षणे एकदा उमटली म्हणजे आजही जवळपास तेच घडते.

६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस. त्या दिवशी फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशांचा जमाव चालून गेला. पारशी अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. त्या विधीस 'सगदीद' म्हणतात, आणि त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा इष्ट मानला जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर बसलेले दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत. अवेस्ता आणि ऋग्वेद यांचे नाते सांगताना पंडित देवतांची व यज्ञाची नावे पुढे करतात. या कुत्र्याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. मृत्यूच्या दारी बसलेला राखणदार दोन्ही परंपरांनी एकाच विशेषणाने ओळखावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तथापि दंग्याचा उलगडा केवळ सगदीदने होत नाही. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली, आणि या बंदात हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही सामील होते. त्यांच्यापाशी सगदीद नव्हता. मग ते का उठले? आठ आण्यांच्या लोभाने पाळलेली कुत्रीही घरादारांतून ओढून मारली जातात, अशी तक्रार होती. नियमाने रस्ता ताब्यात घेतला तेव्हा लोक गप्प होते. तो उंबरठा ओलांडून आत आला, हे त्यांना सोसले नसावे. शेवटी सैन्य आले, धरपकड झाली, शिक्षाही झाल्या. परंतु कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर न्यावीत, असे ठरले. आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई हा पारशी आणि मोतीचंद अमीचंद हा जैन, या दोघा व्यापाऱ्यांनी मुंबईत पांजरपोळ उभारली.

आता शब्दांकडे वळावे. 'बेवारस' हा शब्द मालमत्तेच्या कायद्यातला: ज्याला वारस नाही तो. 'मोकाट' मुळी गुराढोरांचा. 'भटका' तर माणसांनाही लागतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांतल्या अनेकांच्या नावामागे तो आजही आहे. तिन्ही शब्द अभावाचे आहेत. मालक नाही, दावे नाही, घर नाही. गावगाड्यात मात्र एक चौथी कल्पना होती. देवाला सोडलेला वळू कुणाचाच नसे आणि सगळ्या गावाचा असे. त्याने शेतात तोंड घातले तरी शेतकरी त्याला हुसकावी, मारीत नसे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसवणाऱ्या, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवाची कथा लेकरांना सांगणाऱ्या समाजाने वळूला दिलेले हे स्थान कुत्र्याला मात्र दिले नाही. 'कुत्रे हाल खाणार नाही' हीही याच भाषेची देणगी.

२०२३ च्या केंद्रीय नियमांनी 'समुदायाचा प्राणी' ही संज्ञा आणली. ती भाषांतरित वाटते, कारण आहेच. पण तिचा रोख त्या वळूच्या दिशेने आहे. याच नियमांनी अशा प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याचे काम स्थानिक रहिवासी संघांकडे सोपवले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व लगतच्या भागांतील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्यास फर्मावले. २२ ऑगस्टला तो आदेश सौम्य करून, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, मात्र पिसाळलेली व आक्रमक सोडू नयेत, असे सांगितले. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री काढावीत व परत आणू नयेत, असा आदेश दिला. तीन महिन्यांत तीन निरनिराळ्या भूमिका. प्राणिप्रेमी मंडळींनी पहिल्या आदेशावर रोष केला तो समजण्याजोगा होता. परंतु चावा बहुधा त्यांच्या वाट्याला येत नाही. तो येतो पदपथावर निजणाऱ्याच्या, पहाटे दूध किंवा कचरा वाहणाऱ्याच्या, शाळेला चालत जाणाऱ्या पोराच्या वाट्याला. आणि त्या कुत्र्याला रात्री उरलेला भात घालणाराही पुष्कळदा तो पदपथावरचाच माणूस असतो. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रोग्याच्या नातलगांच्या डब्यांवर जगणारा कुत्रा आता कुठे न्यावा, याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. भुलेश्वरच्या पांजरपोळीत आज लोक जातात ते मुख्यतः गायींना चारा घालण्यासाठी.