‘नीट’ म्हणजे नाही

माझी थोरली बहीण नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. तिची मुलगी चार वर्षांची झाली, तिकडच्या शाळेत जाऊ लागली आणि बघता बघता मराठीत उत्तरे द्यायची थांबली. तिच्याशी बोलता यावे म्हणून बी.कॉम.चा अभ्यास सांभाळून मी डच शिकायला घेतले. घरात मराठी, गल्लीत कन्नड. आणखी एक भाषा ती कितीशी जड जाणार, असा माझा तोरा!

तो प्रश्नानेच उतरवला. मराठीत वाक्याला शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार. कन्नडमध्येही प्रश्नाचे शेपूट शेवटीच. डच माणूस मात्र क्रियापद उचलून सर्वांच्या पुढे ठेवतो. ‘ये कोम्ट’ म्हणजे तू येतेस, ‘कोम ये?’ म्हणजे येतेस का? ‘ये’ (म्हणजे तू) मागे गेला की क्रियापदाचा ‘ट’ही गळतो. आणि नकाराचा शब्द कोणता? तर ‘नीट’! मी मोठ्याने ‘कोम ये नीट?’ घोकत होते, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “कोण धडपडलं गं? नीट ये म्हणून कुणाला सांगतेस?”

हा ‘नीट’ अशा छोट्या प्रश्नात शेवटी बसतो. ‘पैसे नाहीत का?’ असे मोघम विचारायचे तर मात्र तो चालत नाही, तिथे ‘खेन’ लागतो: ‘हेप ये खेन खेल्ट?’ एवढे पचवायला मला महिना लागला.

दिवाळीत आम्ही तिकडे जाणार होतो. तिकिटांचे पैसे जमले नाहीत, बेत रद्द झाला. भाचीने फोनवर विचारले, ‘कोम ये नीट?’ वाक्य कळल्याच्या आनंदात मी म्हटले, ‘या.’ म्हणजे हो. आपल्याकडे ‘येणार नाहीस का?’ असे विचारले तर ‘होय, येणार नाही’ म्हणतात, कन्नडमध्येही ‘बरंगिल्लेनु?’ला ‘हौदु, बरंगिल्ल’. होय म्हणजे तुझे म्हणणे बरोबर. डचमध्ये न येणाऱ्याने ‘ने’ म्हणायचे असते, येणाऱ्याने ‘यावेल’. समोरच्याचा नकार खोडून काढायला त्यांनी हा वेगळा होकार राखून ठेवला आहे.

पोरीने माझा ‘या’ सरळ घेतला. ताईने नंतर सांगितले, आठवडाभर ती पलंगाची अर्धी बाजू मावशीसाठी सोडून झोपत होती.

पुढच्या फोनवर मी आधी ‘ने’ म्हटले. ती काही बोलली नाही, फोन ताईच्या हातात दिला. ‘यावेल’ मी वहीत लिहून ठेवला आहे. तो म्हणायची वेळ अजून आलेली नाही.