आईचं नाव, दुसऱ्याची पाटी

आमची आई वाकळा शिवायची. वस्तीत कुणाच्या घरी बाळंतपण आलं की बायका जुनी लुगडी घेऊन आमच्या दारात यायच्या. आई शिकलेली नव्हती, सहीच्या जागी अंगठा उठवायची. ती गेल्यावर माझ्या धाकट्या बहिणीनं इथं आटपाडीतच पाच बायका जमवून तेच काम धंदा म्हणून सुरू केलं. धंद्याला नाव दिलं आईचं. प्रत्येक वाकळेवर तिच्या नावाची चिठ्ठी शिवली. आईचं नाव छापलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भाच्यानं आईच्या नावापुढे डॉट कॉम लावून वेबसाइटचा पत्ता घेतला. वर्षाचे पैसे भरले, पावती आली. मी म्हटलं, "झालं, नाव आता आपलं." मी बी.कॉम. झालेला कारकून. ऑफिसात आलेला प्रत्येक कागद आवक-जावक वहीत नोंदवतो. पण घरच्या नावाची नोंद करायचं मला सुचलं नाही.

गेल्या दिवाळीत बहीण रडत आली. "दादा, एक बाई फोनवर शिव्या देतीया. म्हणती, पैसं घेतलं आन् मशीनवरची रजई धाडली. आपण तर तिला काय बी धाडलं न्हाई!" शोध घेतला. कुणीतरी आईच्या नावात एक अक्षर जादा घालून शेजारचाच पत्ता घेतला होता. माल त्यांचा, बदनामी आमच्या आईची.

ओळखीच्या वकिलांनी समजावलं, "पत्ता म्हणजे भाड्याची खोली. भाडं भराल तोवर तुमची. शेजारची खोली कुणी घेतली तर मालक अडवत नाही. नावावर हक्क हवा असेल तर ट्रेडमार्कची नोंद करा."

हे दुखणं मोठ्या कंपन्यांनाही झालेलं आहे. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ डॉट कॉम' असा पत्ता दुसऱ्यांनी घेतला होता. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की असं नाव नुसता पत्ता नसतं, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळालं पाहिजे. २००४ साली 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच मानलं.

मग आमच्यासारख्यांनी काय करावं? नोंद नसली तरी दाद मागता येते. पण हे नाव आपण आधीपासून वापरतो आणि लोक त्यावरून आपल्याला ओळखतात, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. नोंद असली की बाजू भक्कम होते. डॉट कॉमच्या पत्त्याची तक्रार जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे नेता येते, पण एका पंचाच्या निवाड्याची फी १,५०० डॉलर. म्हणजे लाखाच्या वर! उलट एका वर्गातल्या ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये लागतात. नोंद दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. लाखाचं काम साडेचार हजारांत आधीच सोपं झालं असतं, ते मी केलं नाही.

आता अर्ज केला आहे. वाकळा कापडाच्या चोविसाव्या वर्गात येतात. अर्ज स्वीकारला गेला की नाव सरकारी जर्नलमध्ये छापतात आणि हरकतीसाठी चार महिने देतात. बहिणीनं जुनी बिलं, कुरिअरच्या पावत्या, चिठ्ठ्यांचे नमुने, सगळं ट्रंकेतून काढून दिलं. मी तारीखवार फाइल लावली. त्या दुसऱ्या पत्त्याला वकिलांची नोटीस गेली आहे. उत्तर अजून नाही.

भगिनींनो, पापड असोत, मसाले असोत की शिवणकाम, धंद्याचं नाव ठरवतानाच ते आधी कुणी नोंदवलं आहे का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर पाहा. नुसतं 'आटपाडी डाळिंब' असं मालाचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. नाव आपलं वेगळं हवं. पहिलं बिल जपून ठेवा. पत्त्याचं भाडं भरायची तारीख कॅलेंडरवर लिहा. अर्ज केल्यावर नावापुढे 'टीएम' लावता येतं, पण गोलातलं 'आर' नोंद झाल्याशिवाय लावू नका. ते बेकायदेशीर आहे.

परवा बहीण म्हणाली, "दादा, आईनं जन्मभर अंगठा उठवला. आता तिचं नाव सरकारी कागदावर येणार व्हय?"

मी म्हटलं, "येईल. अर्ज गेलाय."