न दिसणारे भांडवल

घरात गेमिंगचा संगणक आणावयाचा ठरला की चर्चा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते. त्यानंतर प्रोसेसर येतो, मग रॅम, मग पडद्याचा आकार; आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल तो, वीजपुरवठा करणारा लोखंडी डबा येतो. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. तो कॅबिनेटच्या तळाशी बसतो. त्याच्यामुळे खेळ अधिक वेगाने चालत नाही, चित्र अधिक सुंदर दिसत नाही, आणि मित्र घरी आले तर त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मात्र संगणकातील प्रत्येक भागाला लागणारी वीज त्याच्यातूनच जाते.

शिरूरच्या बाजारपेठेतील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी असाच बेत ठरला होता. मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. वडिलांनी ७५,००० रुपयांची मर्यादा घालून दिली आणि एक अट सांगितली : दिवसा त्याच संगणकावर दुकानाचे हिशेब चालतील, जीएसटीची विवरणपत्रेही तेथूनच भरली जातील. दुकानातील जुना संगणक थकला होता, त्यामुळे एका खर्चात दोन कामे होणार होती. मुलाने अट आनंदाने मान्य केली आणि यादी तयार केली. तीत आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड होते, सहा कोअरचा प्रोसेसर होता, काचेच्या बाजूचे कॅबिनेट होते, रंगीत दिव्यांचे सहा पंखे होते. एसएमपीएसच्या समोर मात्र ‘कॅबिनेटसोबत मिळतो’ एवढेच लिहिलेले होते.

वडिलांनी यादी दौंडला मुलाच्या मामांकडे पाठवली. मामांचे तेथे विद्युत साहित्याचे दुकान. त्यांचा फोन संध्याकाळीच आला.

“बाकी सगळं ठीक आहे रे. पण हजार रुपयांच्या डब्यावर सत्तर हजारांचा माल ठेवतोस? गोदामाचा पत्रा गळका असेल तर आतली साखर कितीही चांगली असून काय उपयोग? रविवारी दौंडला ये, बसून हिशेब करू.”

भाचा न्हावऱ्याच्या रस्त्याने दौंडला पोहोचला, तेव्हा मामा त्याला आधी स्टेशनच्या पुलावर घेऊन गेले. खाली पुण्याकडून आलेली गाडी उभी होती. “ही वरची तार बघ. हिच्यात २५,००० व्होल्ट. इंजिनाच्या मोटारीला ते जसेच्या तसे दिले तर मोटार राहील का? इंजिनाच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे, तो आधी ते दाब उतरवतो. तुझ्या डब्याचं कामही तेच. भिंतीतून २३० व्होल्ट येतात, तेही सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारे. तुझ्या कार्डाला हवेत १२ व्होल्ट, एका दिशेचे, स्थिर. मधला सगळा व्यवहार हा डबा करतो. त्यानं चूक केली तर भरपाई कार्ड करतं.”

दुकानात परतल्यावर मामांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूस आकडेमोड मांडली. कार्डाची जास्तीत जास्त गरज ११५ वॅट. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असले तरी पूर्ण भारावर तो ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, साठवणुकीची ड्राइव्ह आणि पंखे मिळून ७५ वॅट धरले. बेरीज २७८ झाली. ग्राफिक्स कार्डाचा भार क्षणभर उसळी घेतो, हे लक्षात घेऊन वर जागा ठेवावी लागते. कार्ड बनविणारी कंपनी स्वतः अशा संगणकासाठी ५५० वॅटची शिफारस करते. भाच्याला पुण्यातील एका दुकानदाराने ८५० वॅटचा सल्ला दिला होता, त्यावर मामा हसले. “अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण पाय नसताना अंथरूण वाढवत बसू नये. २८० वॅटच्या भाराला ५५० वॅटचा डबा म्हणजे निम्मा भार. तो थंड राहील, पंखाही हळू फिरेल. उरलेले ३०० वॅट तू विकत घेऊन काय करणार?”

पुढे जाऊन मोठे कार्ड बसवायचे झाले तर, असा प्रश्न भाच्याने विचारला. तो योग्यच होता. मामांनी उत्तर दिले की चार वर्षांत नक्की मोठे कार्ड घेणार असशील तर ६५० वॅटचा घे. नुसते ‘कदाचित’ असेल तर त्यासाठी आज रोकड अडकवू नये.

त्यानंतर त्यांनी दुरुस्तीसाठी आलेला एक जुना डबा फळीवरून काढला. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले होते. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलेले होते. मामांनी भाच्याला गुणाकार करावयास सांगितले. १२ गुणिले १६ म्हणजे १९२. आजच्या संगणकात कार्ड आणि प्रोसेसर आपली बहुतेक सर्व वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. म्हणजे नावाचा ४५० वॅटचा डबा कामाला १९२ वॅटचाच होता. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटांवर दाखवून बेरीज फुगवलेली होती. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. त्याचा गुणाकार छापलेल्या वॅटशी जुळतो. वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या घरातील मुलाला हे पटवून देण्याची गरज पडली नाही. पाटी एक आणि माप दुसरे, हा प्रकार त्याने मोंढ्यात पाहिलेला होता.

मग ‘८० प्लस’ या शिक्क्याचा विषय निघाला. हा कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचली पाहिजे, ही त्याची मूळ अट. उरलेली उष्णतेत जाते. पुढे त्यात ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे आले. निम्म्या भारावर ब्रॉन्झला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. ही मूळ चाचणी ११५ व्होल्टवर होते. आपल्याकडील २३० व्होल्टवर तोच डबा किंचित अधिक चांगला चालतो. मामांनी येथेही हिशेब मांडला. रोज चार तास खेळ, सरासरी २५० वॅटचा भार. ब्रॉन्झ भिंतीतून २९४ वॅट घेईल, गोल्ड २७८. वर्षभरात फरक सुमारे २४ युनिटांचा. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला २४० रुपये. गोल्डसाठी १,५०० रुपये जास्त द्यावे लागत असतील तर ते वसूल होण्यास सहा वर्षे लागतील.

“मग ब्रॉन्झच घेऊ,” भाचा म्हणाला.

“घे. पण एवढं लक्षात ठेव, हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. डबा संकटात कसा वागेल, हे त्या शिक्क्यावर लिहिलेलं नसतं.”

संकट म्हणजे काय, हे घोड आणि भीमेच्या काठी राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. उसाच्या पट्ट्यात कृषिपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली येते. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडते, आणि तीन फेजच्या वाहिनीतील न्यूट्रल तुटतो. अशा वेळी एका घरातील दिवे मंद होतात आणि शेजारच्या घरात व्होल्टेज ३०० च्याही वर जाऊ शकते. दौंडच्या दुकानात दरवर्षी त्यानंतरच्या आठवड्यात टीव्ही, राउटर आणि संगणक यांची रांग लागते. मामांचा अनुभव असा, की चांगला डबा अशा वेळी बहुधा स्वतः जळतो आणि आतील भाग वाचवतो. त्यात फ्यूज असतो, जादा दाब अंगावर घेणारा व्हॅरिस्टर असतो, आणि बाहेर जाणारे व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले तर पुरवठा तोडणारी व्यवस्था असते. अगदी स्वस्त डब्यात यांतील काही जागा मोकळ्याच सोडलेल्या असतात. तो जाताना मदरबोर्ड आणि ड्राइव्ह यांनाही सोबत घेऊन जातो.

‘ड्राइव्ह’ हा शब्द ऐकला आणि भाचा गप्प झाला. वडिलांच्या दुकानाचे हिशेब त्याच ड्राइव्हवर असणार होते. कोणाकडून किती येणे आहे, कोणाला किती देणे आहे, ही माहिती गेली तर आकडे पुन्हा जुळवता येतील. पण ‘तुमचे किती निघतात ते तुम्हीच सांगा’ असे गिऱ्हाईकाला विचारण्याची वेळ आलेल्या दुकानाची पत एका दिवसात उतरते. एवढे दिवस तो खेळाचा संगणक निवडत होता. आता त्याच यादीवर वडिलांचा विश्वास ठेवलेला त्याला दिसला. हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवायची, हे त्याने तेथेच ठरवले. डबा कितीही चांगला असला तरी ती गरज संपत नाही, असे मामांनीही सांगितले.

पुढच्या रविवारी मामा शिरूरला आले, ते मल्टिमीटर घेऊनच. घर जुने, वायरिंग त्याहून जुने. जुन्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरातील स्त्रिया कित्येक वर्षे करीत होत्या आणि ती हसण्यावारी नेली जात होती. मामांनी फेज आणि न्यूट्रल यांमध्ये व्होल्टेज मोजले, ते ठीक होते. फेज आणि अर्थ यांमध्ये मोजले, तर काटा जवळजवळ हललाच नाही. तीन पिनांच्या प्लगमधील तिसरी पिन भिंतीत कोठेही जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या आतील फिल्टर थोडासा प्रवाह नेहमी अर्थकडे सोडतो. अर्थ नसेल तर तोच प्रवाह पत्र्यावर येऊन हाताला जाणवतो. बाजारातील सर्वांत महाग डबा आणला असता तरी त्या भिंतीवर त्याचे संरक्षण अपुरेच राहिले असते.

परसात खड्डा खणून अर्थिंगची पट्टी पुरली गेली. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. मीठ दुकानातूनच आले.

यादी पुन्हा लिहिली गेली. रंगीत दिव्यांचे सहा पंखे जाऊन साधे तीन आले. काचेचे कॅबिनेट जाऊन जाळीचे आले, ज्यातून हवा अधिक खेळते. वाचलेल्या पैशांत नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा, पाच वर्षांच्या हमीचा ब्रॉन्झ एसएमपीएस बसला. वीज गेली तर हिशेब जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देणारा एक यूपीएसही बसला, आणि तो साइन वेव्हचा घ्यावा असा मामांचा आग्रह होता, कारण नव्या धाटणीचे डबे चौकोनी लहरींच्या स्वस्त यूपीएसवर कधीकधी रुसतात. मुलाला दिव्यांचे वाईट वाटले नाही असे नाही. मित्रांना दाखविण्यासारखे आता त्या कॅबिनेटमध्ये फारसे काही राहिले नव्हते. पण ग्राफिक्स कार्ड त्याने निवडलेलेच राहिले; त्याला कोणी हात लावला नाही.

खरेदीच्या दिवशी वडिलांनी सगळ्या पावत्या एका पाकिटात घातल्या आणि त्यावर हमीची अखेरची तारीख लिहिली. जोडणी करताना उरलेल्या केबली मुलगा फेकून देणार होता, तेव्हा मामांनी फोनवरून थांबवले. एका कंपनीच्या डब्याची केबल दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसते, पण आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि तेवढ्यानेही ड्राइव्ह जळते. म्हणून डब्यासोबत आलेल्या केबली डब्यासोबतच ठेवाव्यात. त्या केबली पावत्यांच्या पाकिटाशेजारी कपाटात गेल्या.

उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते. ते काम आता मुलाकडे आहे. दर रविवारी सकाळी तो परसात एक बादली ओततो, हिशेबाची प्रत काढतो, आणि मग खेळायला बसतो.