बिनकुलपाचा वाडा

शहरातल्या माणसाला कुलपावाचून झोप येत नाही. दाराला एक, कपाटाला एक आणि प्रवासात पेटीला चक्क दोन! अशा माणसाला कुणी सांगितले की, जगात एक वाडा असा आहे, तिथे कुणीही यावे, भिंतीवर लिहावे आणि दुसऱ्याचे लिहिलेले खुशाल पुसावे, तर तो विचारील, “मग तो वाडा अजून उभा कसा?”

विकिपीडियाबद्दल मलाही कैक दिवस हेच कोडे पडले होते.

ही युक्ती मूळची वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांची. वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता येईल असे संकेतस्थळ त्यांनी १९९५ साली काढले. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावत असे. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. तेच नाव त्यांनी उचलले. पुढे २००१ साली विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ साली मराठी विकिपीडिया.

ज्ञानकोश म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे डॉ. केतकरांचे २३ जाडजूड खंड उभे राहतात. तिथे आधी संपादकाची नजर, मग छपाई. इथे कारभार उलटा: आधी छापा, मग तपासा!

हा उलटा कारभार चालतो तो ‘इतिहास’ नावाच्या खिडकीमुळे. कुणी, केव्हा, काय बदलले, ते सारे तिथे जपून ठेवलेले असते. एखाद्या द्वाडाने तासभर खपून लेखाचा विचका करावा आणि दुसऱ्याने एक कळ दाबून जुना मजकूर परत जागेवर आणावा! शिवाय ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी, ठरावीक पानांवर पहारा करणारी माणसे असतात. वाद घालायला प्रत्येक पानाला ‘चर्चा’ नावाची वेगळी ओसरी. फारच दंगा झाला, तर मात्र त्या खोलीला काही दिवस कुलूप लागते.

माझ्या आजोळच्या जत्रेविषयी मी तिथे चार ओळी लिहिल्या. दोन दिवसांत त्यांच्या शेजारी चिमुकली अक्षरे उमटली: ‘संदर्भ हवा’. आता आजीने सांगितले, याहून मोठा संदर्भ कोणता? पण आजीचा शब्द माझ्यापुरता. अनोळखी वाचकाने तो पडताळायचा कुठे? मी छापील आधार शोधू लागलो. ग्रंथालये पालथी घातली; त्या जत्रेवर एक ओळही हाती लागली नाही.

तेव्हा ध्यानात आले की, दार सताड उघडे असले, तरी आत रिकाम्या हातांनी जाता येत नाही. जे आधी कुठे छापले गेले आहे, त्यालाच त्या वाड्यात जागा. मग ज्या गावांबद्दल कुणी कधी लिहिलेच नाही, त्यांनी काय करावे?

आजी आता नाही. मावशी आहे, तिचे वय ८७. भाऊबीजेला ती आमच्याकडे येणार आहे. तिच्याकडून सारे उतरवून घेऊन जिल्ह्याच्या एखाद्या साप्ताहिकाकडे धाडावे, असा बेत आहे. छापून आले, तर पुढेमागे कुणीतरी अनोळखी माणूस त्याचा संदर्भ देईल. वही आणून ठेवली आहे.