पानिपतहून दिसणारी चावडी

संक्रांतीच्या सुमारास पानिपतला जाण्याचा योग आला. माझी मावसबहीण गेली सत्तावीस वर्षे तेथे राहते. तिचे यजमान तेथील एका कारखान्यातून निवृत्त झाले. मुलांची शिक्षणे, घर, शेजारपाजार सर्व तिकडेच झाल्याने दोघांनी तेथेच राहायचे ठरवले. दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यावरचे हे शहर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. चादरी, ब्लँकेटे आणि गालिचे हा तेथील मुख्य धंदा. मराठी माणसाच्या मनात मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने कोरलेले आहे.

१४ जानेवारीला सकाळी आम्ही काला आंबच्या स्मारकावर जाऊन आलो. परतताना मनात एक जुनाच विचार आला. १७६१ साली याच दिवशी येथे जे घडले, ते नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भेलशाच्या परिसरात समजले, तेही सुमारे दहा दिवसांनी आणि एका सावकाराच्या पत्रातून. बातमी वेळेवर पोहोचली असती तर इतिहास बदलला असता असे नव्हे. पण ज्याचे सर्वस्व पणाला लागले आहे त्यालाच बातमी सर्वांत शेवटी आणि तिऱ्हाइताकडून कळावी, हे दुःख निराळेच असते. त्याच संध्याकाळी या विचाराचे एक घरगुती उदाहरण समोर येईल याची मला कल्पना नव्हती.

चहा झाल्यावर बहिणीने एक कागद माझ्यापुढे ठेवला. सातारा जिल्ह्यातील त्यांच्या गावच्या जमिनीचा सातबारा. "दादा, तुझी सगळी नोकरी यातच गेली. हे जरा वाचून सांग."

वाचण्यासारखे फार नव्हतेच. काकांचे नाव कंस करून कमी झाले होते आणि त्याखाली तिच्या दोन्ही भावांची नावे लागली होती. तिचे नाव नव्हते. काका जाऊन दोन वर्षे झाली होती. तिच्या मुलीने आजोळची जमीन पाहण्याच्या हौसेने भूलेखचे संकेतस्थळ उघडले, जुन्या पावतीवरचा गट क्रमांक टाकला आणि हा उतारा छापून आईच्या हातात दिला.

"जमीन मला नको रे," ती म्हणाली. "पण मी त्यांची कोणीच नव्हते का?"

मेहुणे गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "दादा, मी सांगतोय, जाऊ द्या. एवढ्याशा शेतापायी माहेर तुटायला नको."

कायद्याचे उत्तर सोपे होते, ते मी आधी सांगितले. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलगी ही वडिलांची वर्ग एकची वारस आहे. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही. ती महसुली दप्तरातील नोंद आहे. पण चूक सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते, म्हणून तिला महत्त्व. नोंद मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याची मुदत साठ दिवसांची, पण सबळ कारण दिल्यास विलंब माफ होऊ शकतो.

त्यानंतर तिने विचारले, "पण मला कोणी कळवले कसे नाही?" या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे नव्हते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० असे सांगते की फेरफार नोंद घेताच तलाठ्याने तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी आणि ज्यांचा त्यात हितसंबंध दिसतो त्यांना लेखी कळवावे. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. वारसांच्या अर्जात जिचे नावच दिलेले नाही, तिचा हितसंबंध दप्तरात 'दिसणार' कसा? तिला लेखी सूचना जाण्याचा मार्गच उरत नाही. मग राहते ती चावडीवरची नोटीस. कायदा करणाऱ्यांनी त्यामागे एक गृहीत धरले होते. गाव तेथून रोज ये-जा करते, कोणीतरी वाचेल, आणि "अहो, यांना एक मुलगीही आहे" असे बोलेल. माझ्या उमेदवारीच्या काळात मी चावडीच्या भिंतीवर खळीने चिकटवलेल्या अशा नोटिसा पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढे घोळका करून उभी असलेली माणसेही. ती व्यवस्था त्या माणसांच्या भरवशावर चालत होती. माणसे मुंबईला, सुरतेला, पानिपतला आणि पुढे न्यू जर्सीला गेली. भिंत मागे राहिली.

तेवढ्यात भाचीने तिच्या लॅपटॉपवर महाभूमीचे पान उघडले होते. तेथे एक शब्द दिसला, 'आपली चावडी'. जिल्हा, तालुका, गाव निवडले की त्या गावात सध्या कोणकोणत्या फेरफार नोंदींच्या नोटिसा लागल्या आहेत त्याचा तक्ता समोर येतो. फेरफार क्रमांक, प्रकार, दिनांक, गट क्रमांक आणि हरकतीची अंतिम तारीख. कोणताही खर्च नाही, दाखला नाही, साहेबाची सही नाही. दीड हजार किलोमीटरवरची चावडी पानिपतच्या जेवणाच्या टेबलावर उघडली होती.

येथे मला एक कबुली द्यावी लागते. ई-फेरफार प्रणालीबद्दल मी प्रशिक्षणवर्गांत बोललो आहे. पण नागरिक म्हणून ते पान मी स्वतः कधी उघडले नव्हते, आणि सख्ख्या नात्यातल्या कोणालाही "हे महिन्यातून एकदा पाहत जा" असे सांगितले नव्हते. दोन वर्षांपूर्वी एवढे एक वाक्य फोनवर बोललो असतो तर बहिणीला पंधरा दिवसांच्या आत एक साधा अर्ज पुरला असता. सोय निर्माण करणे हे शासनाचे काम, पण ती आहे हे कळणे आणि कळवणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

त्या रात्री आम्ही चौघे उशिरापर्यंत बसलो आणि रोजच्या गरजेची संकेतस्थळे एकेक करून पाहत गेलो. घराबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोगी पडावीत म्हणून त्यांतील काही येथे नोंदवतो.

पहिले अर्थातच भूलेख. विनाशुल्क उतारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, त्याला पंधरा रुपये पडतात आणि कामकाजात तोच चालतो. गट क्रमांक ठाऊक नसेल तर नावाने शोधता येते. मात्र नाव दप्तरात जसे लिहिले आहे तसेच, मराठीत, लिहावे लागते. म्हणून ज्यांना मराठी टंकलेखन येत नाही त्यांनी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा. त्याची मांडणी आपल्या वर्णमालेच्या क्रमाला धरून असल्याने थोड्या सरावाने हात बसतो.

गंमत म्हणून शेजारच्या सरदारजींसाठी हरियाणाचे जमाबंदी संकेतस्थळही उघडले. आमच्याकडे जो सातबारा, तो तेथे जमाबंदीची नकल. फेरफार म्हणजे इंतकाल. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते तेथे पटवारी. आमचा एकर चाळीस गुंठ्यांचा, त्यांचा आठ कनालांचा, आणि कनाल वीस मरल्यांचा. 'जमाबंदी' हा शब्द आपल्याकडे पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या पदनामात उरला आहे. तेथे तो प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. सरदारजींना त्यांची नकल मिळाली आणि आम्हाला गाजराच्या हलव्याची वाटी.

शब्दांवरून कोश निघाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर पूर्ण शोधता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तेथेच आहे. महसुलातले फारसी वळणाचे शब्द ज्यांना अडतात त्यांनी हे कोश हाताशी ठेवावेत. मराठी विश्वकोशाचे खंडही विनामूल्य वाचता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत उभे राहिलेले हे काम. बहिणीचे माहेर वाईपासून फार दूर नाही, त्यामुळे तिला त्याचे विशेष कौतुक वाटले. मुलीला म्हणाली, "आमच्या गावाशेजारी बसून लिहिलंय हे सगळं."

मेहुण्यांना बातम्यांपेक्षा बाजारभावात रस. कृषी विपणनाच्या अ‍ॅगमार्कनेट संकेतस्थळावर देशभरातील बाजार समित्यांची आवक आणि दर मिळतात. त्यांनी हळदीचा सांगलीचा भाव पाहिला आणि पानिपतच्या किराणा दुकानदाराविषयी एक शेरा मारला, तो येथे देत नाही. हवामान खात्याचे 'मौसम' आणि न्यायालयीन प्रकरणाची पुढील तारीख सांगणारे 'ई-कोर्ट्स' हीदेखील अशीच साधी, पण वेळ वाचवणारी ठिकाणे. गावाकडे दिवाणी दावा चालू असलेल्या माणसाला केवळ तारीख समजण्यासाठी वकिलाला किती फोन करावे लागत, हे ज्याचे त्याला ठाऊक.

एक सावधगिरी. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' याने संपतो. हुबेहूब तसेच बोधचिन्ह लावून जादा पैसे घेणारी खोटी संकेतस्थळे, विशेषतः पारपत्राच्या बाबतीत, पुष्कळ आहेत. पैसे भरण्यापूर्वी पत्ता शेवटपर्यंत वाचावा. दुसरे, संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. म्हणून पत्ता पाठ करण्यापेक्षा सेवेचे नाव लक्षात ठेवावे आणि विभागाच्या मुख्य पानावरून आत जावे.

प्रशासनात असलेल्या माझ्या मित्रांसाठीही एक सूचना. संकेतस्थळ सुरू झाले की आपण त्याला किती जणांनी भेट दिली ते मोजतो. ज्याला गरज होती त्याला ते वेळेत सापडले का, हे मोजत नाही. मृत्यूचा दाखला देताना त्याच्या मागील बाजूस "वारस नोंद झाली का, हे 'आपली चावडी'वर पाहा" एवढी एक ओळ छापली तर कितीतरी अपिले वाचतील. वारसाच्या अर्जात "मुली किती, त्यांची नावे व पत्ते" असे ठळक विचारून उत्तराची खातरजमा केली, तर आणखी वाचतील. यासाठी नवी प्रणाली लागत नाही.

बहिणीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. मेहुण्यांच्या मताला मान देऊन तिने आधी नोटीस पाठवली नाही. धाकट्या भावाला फोन केला. भांडण होईल अशी मला धास्ती होती. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, अर्ज लिहिणाऱ्याने विचारले, वारस कोण? आम्ही दोघे समोर उभे होतो, आमची नावे सांगितली. तू लांब. खरे सांगायचे तर तुझी आठवण झाली नाही." हे उत्तर खोटे असते तर तिला कमी लागले असते, असे ती मला नंतर म्हणाली.

विलंबमाफीच्या अर्जासह अपील दाखल झाले. दोन्ही भावांनी हरकत नसल्याचे लेखी दिले. थोरला सुरुवातीला कुरकुरला होता, तोही आला. अपिलाचा निकाल तिच्या बाजूने लागला आणि दुरुस्तीची नवी फेरफार नोंद धरली गेली.

मध्यंतरी तिचा फोन आला. "दादा, लागली बघ नोटीस चावडीवर. आमचाच गट क्रमांक आहे." हरकतीची अंतिम तारीखही तिने वाचून दाखवली. नंतर मेहुण्यांकडून कळले की पुढचे पंधरा दिवस ती रोज सकाळी पूजा झाली की ते पान उघडून पाहत असे. गावातून हरकत कोणीच घेतली नाही.

आता ती हक्कसोडपत्र करून जमीन भावांना देणार आहे. ते नोंदणीकृत करावे लागते, त्यासाठी उन्हाळ्यात गावी जायचे ठरले आहे. सोडण्यासाठी आधी नाव लागावे लागते, हे तिने आपल्या भाचरांना आतापासूनच सांगून ठेवले आहे. पानिपतमधल्या आणखी तीन मराठी घरांना 'आपली चावडी' कशी उघडायची तेही तिने शिकवले आहे. त्यांतील एका घरात नुकतीच एक हरकत वेळेत नोंदवली गेली.