बाचा कान

बा महार रेजिमेंटातून कान घालवून धुळ्याला आला. अपंगत्व पेन्शन मागितली. उत्तर आलं : बहिरेपणाचा नोकरीशी संबंध नाही. पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही. बा म्हणायचा, 'जाऊ दे पोरा, सरकार काय खोटं लिहील?' तिथंच माझं टाळकं सरकायचं. भरतीला ह्याच सरकारच्या डॉक्टरनं कान धडधाकट लिहिला होता ना?

बा गेला. 2013 साली सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं : भरतीवेळी नोंद नसलेला आजार नोकरीतलाच धरायचा, नाही म्हणणाऱ्या सरकारनं कारण दाखवायचं.

महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर सैनिकांनीच अर्ज लिहिले. दोस्तांनो, जळगाव-धुळ्याच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या शिपायांच्या ट्रंका उघडा. भरतीचा कागद शोधा. अर्ज म्हणजे भीक नव्हे.