कॅम्पवर कॉफी कोणत्या भांड्यात करावी?

कॅम्पला न्यायचं कॉफीचं भांडं निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, की चव कशात चांगली येते? आमच्या मते हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, आपण किती जण आहोत? दुसरा, पाणी कुठून येणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं न देता जो कोणी तुम्हाला यंत्र सुचवतो, तो स्वतःच्या एकट्याच्या कपाचा विचार करत असतो.

आता काही मित्र म्हणतील, गडावर चहा मिळतोच, मग कॉफीचे हे नखरे कशाला? आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेतली पंधरा-सोळा पोरंपोरी घेऊन आम्ही दर हिवाळ्यात सह्याद्रीत दोन दिवस मुक्कामाला जातो. त्यातल्या अनेकांनी खरी कॉफी पहिल्यांदा तिथेच प्यायली. डोंगरावर पहाटे उठून कॉफी पिणं ही हौस आहे, हे कबूल. पण हौस ही फक्त पैसेवाल्यांची गोष्ट आहे आणि आपण गरजेपुरतंच जगावं, हे कोणी ठरवलं? हौस करायचीच. फक्त ती सोळा जणांना पुरली पाहिजे आणि तिचं ओझं दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर पडता कामा नये.

डोक्यावर हा शब्द आम्ही शब्दशः वापरतो आहोत. हिवाळा सरला की गडावरच्या टाक्यांतलं पाणी तळाला जायला लागतं. मग मुक्कामाच्या जागी हंडा येतो तो बहुतेक वेळा वाडीतल्या एखाद्या बाईच्या डोक्यावरून. म्हणून भांड्याची परीक्षा करताना आम्ही आधी बघतो, की ते धुवायला पाणी किती लागतं. दुकानदार हे कधी सांगत नाही.

या कसोटीवर फ्रेंच प्रेस लगेच बाद होतो. घरी तो उत्तम आहे. पण त्याचा चोथा तळाला आणि जाळीत अडकून बसतो, चार वेळा विसळल्याशिवाय निघत नाही. शिवाय काच. सॅकमध्ये काच घेऊन कातळावरून चढायचं, याला आम्ही धाडस म्हणत नाही. स्टीलचा मिळतो, तो फुटत नाही, पण जड असतो आणि चोथ्याचा प्रश्न तसाच राहतो.

मोका पॉट दिसायला देखणा. इटलीत १९३३ साली आल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून तो बाहेर आला. खालच्या भांड्यातलं पाणी वाफेच्या दाबानं पुडीतून वर चढतं आणि कडक कॉफी मिळते. पण तीन कपांचा म्हणून जो विकतात, त्यातले कप बोटभर असतात. त्याचं बूड लहान, कॅम्पच्या गॅसच्या दांड्यांवर तो डुगडुगतो. चुलीवर ठेवला तर प्लास्टिकची मूठ वितळते.

एरोप्रेसबद्दल आमच्या मनात आदर आहे. अॅलन अॅडलर या अमेरिकन संशोधकानं तो २००५ मध्ये बाजारात आणला. हलका, न फुटणारा, आणि चोथा वडीसारखा एका धक्क्यात बाहेर पडतो, त्यामुळे पाणी जवळजवळ लागतच नाही. एकट्यानं भटकणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावा. पण किंमत काही हजारांत, आणि एका वेळी एकच कप. आमच्या गटात एकानं तो आणला होता. पाचवा कप होईपर्यंत पहिल्याचा पिऊन झाला होता, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या पोरीनं विचारलं, "ताई, माझा नंबर दुपारच्या जेवणाआधी लागेल ना?" सगळे हसले. पण प्रश्न बरोबर होता. एकेका कपाचं यंत्र सोळा जणांत नेलं, की पहिला कोण आणि शेवटचा कोण हे आपोआप ठरायला लागतं.

राहिली इन्स्टंट. तिला नावं ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. फक्त गरम काहीतरी हवं असेल तर डबीत भरून न्यावी, काम भागतं. पुड्या मात्र नेऊ नयेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, आणि तिथल्या झुडपांत अडकलेल्या चमकत्या पुड्या कोणाच्या हे वेगळं सांगायला नको.

मग आम्ही काय नेतो? दाक्षिणात्य घरांत असतो तो स्टीलचा फिल्टर. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, पूड दाबायला दांडीची चकती आणि झाकण. कागद नाही, रबर नाही, बिघडेल असा एकही भाग नाही. जर्मनीत मेलिटा बेन्ट्स या गृहिणीनं १९०८ मध्ये पितळी भांड्याला भोकं पाडून, आत मुलाच्या वहीतला टीपकागद घालून फिल्टरचं पेटंट घेतलं. तत्त्व तेच. आपल्या फिल्टरला तो कागदही लागत नाही.

याचं खरं बळ असं, की तो कॉफी देत नाही, अर्क देतो. साठ ग्रॅम पूड आणि ४०० मिली पाणी घेतलं, तर पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते आणि खाली २८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन उतरतं. त्यात गरम पाणी किंवा दूध घातलं की सहा जणांचं होतं. मोठे तीन फिल्टर रात्री जेवण झाल्यावर त्याच विस्तवावरच्या पाण्यानं लावून ठेवायचे. पाणी एकदम मावत नाही, दोन खेपांत घालायचं. हिवाळ्याच्या थंडीत सकाळपर्यंत डिकॉक्शनला काही होत नाही. पहाटे एकच पातेलं तापवायचं, आणि सगळ्यांच्या हातात कप एकाच वेळी.

पाण्याच्या तापमानाची चर्चा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. तिथे पाणी साधारण ९४-९५ अंशांना उकळतं, आणि कॉफीला तेवढंच हवं असतं. तापमान दाखवणारी किटली वर न्यायचं काही कारण उरत नाही.

फिल्टरवर आक्षेप दोन. एक, तो हळू आहे. आहेच, पण रात्री आपण झोपलेले असतो. दुसरा, चिकोरी. पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती हे छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असलीच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे ५१ लिहिलेलं पाकीट म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी. आम्ही ८०-२० घेतो. चिकोरी अजिबात नसली तर अर्क भरभर खाली जातो आणि पातळ उतरतो. चोथा चमच्यानं खरवडून डब्यात भरायचा आणि खाली आणायचा, भांडं फडक्यानं पुसून घ्यायचं. धुणं घरी.

विकत घेताना वरचं भांडं उजेडासमोर धरून बघा. भोकं टाचणीच्या टोकाएवढी हवीत, मोठी असतील तर पूड खाली येते. बूड दुहेरी किंवा जाड नको, उगाच वजन. काहीशे रुपयांत होतं. आमच्या तीनपैकी एक तर कोणाच्या तरी आजीच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून होता. त्याचं झाकण हरवलंय, वर वाटी उपडी घालतो.